खालचा डबा

१८ ऑगस्ट २०१७ रोजी झाशीच्या इलाइट चौराह्यावरच्या एका दुकानात मार्तंडराव कानडे यांनी अठरा हजार सातशे पन्नास रुपये रोख दिले आणि आठ माइक लावता येतील असा एक लोखंडी डबा विकत घेतला. मी बरोबर होतो. मार्तंडराव माझे मेहुणे. माझी थोरली बहीण शारदाताई ही त्यांची पत्नी.

"बाबूजी, ऑर्केस्ट्रा खोल रहे हो क्या?" दुकानदाराने विचारले.

"नहीं भैया, घरवाली गाएगी."

"अकेली के लिए आठ?"

"चार जनी हैं. पर दो के बाद सीधे आठ ही मिलता है."

डबा घरच्या जुन्या डब्याला जोडायला प्रकाशावर चालणारी एक बारीक तार लागते. तिचे तीनशे चाळीस झाले. मार्तंडरावांच्या खिशात तेवढे उरले नव्हते. मी पाकीट काढले तर दुकानदारच म्हणाला, "बाद में दे देना, कहाँ भागे जा रहे हो."

मार्तंडराव रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. नगरा भागातल्या घरी मागच्या खोलीत त्यांनी संगणक मांडला होता. त्याला दोन भोकांचा एक डबा होता. एका भोकात गाणाऱ्याचा माइक, दुसऱ्यात पेटीचा. कोणाच्या घरचे भजन, कोणाच्या नातीचे श्लोक असे ते फुकट भरून देत. अलीकडे त्यातले दुसरे भोक खरखर करू लागले होते, म्हणून त्यांनी ते संगणकातून बंदच करून टाकले होते. बोलणे कमी. तारांविषयी बोलायचे झाले की मात्र हिंदीत बोलत, कारण ते काम त्यांनी हिंदीतच शिकले होते. मुलगी बकुळ इथेच वाढलेली. तिला मराठी सगळे कळते, बोलते ती हिंदीत.

त्या उन्हाळ्यात ताईच्या घशात गाठ निघाली. ग्वाल्हेरच्या डॉक्टरांनी सांगितले, स्वरयंत्र काढावे लागेल, त्यानंतर बोलता येणार नाही. ऑपरेशनची तारीख गौरींच्या आधीची मिळाली.

गौरी जागवायची गाणी आमच्या आजीकडून ताईकडे आलेली. मार्तंडरावांना ती भरून ठेवायची होती, आणि त्यात ताईचा आवाज वेगळा हवा होता. तिने एकटीने गायला नकार दिला. "एकटीनं कोणी गौर जागवतं का? मी म्हणायचं आणि मागून ओळ उचलायची कोणी, तुम्ही?" म्हणून मार्तंडरावांची बहीण इंदू आणि शेजारच्या दोघी आल्या. चौघी एकत्र गाणार आणि प्रत्येकीच्या आवाजाची रेघ संगणकावर वेगळी उमटणार, यासाठी आठ भोके. चौघींना एकमेकींचे ऐकू यावे म्हणून बाहेरच्या वाटाही वाढवल्या. एकाचे चार करणारी एक डबी आली, चार हेडफोन आले.

ताई हे सगळे बघत होती. तिचा आवाज तेव्हाच बसलेला होता. म्हणाली, "चाळीस वर्षं माझं एक ऐकलं नाहीत. आता ऐकायला आठ भोकं आणलीत."

"आठांतून तरी शिरेल," मार्तंडराव म्हणाले. इंदू इतकी हसली की तिला पाणी द्यावे लागले.

जुना डबा टेबलावर आणि नवा त्याच्या खालच्या फळीवर ठेवला होता. पहिले दोन दिवस आवाजात टिकटिक येई. दोन्ही डबे आपापले घड्याळ चालवत होते. एकाने चालवायचे आणि दुसऱ्याने त्याच्यामागून जायचे, असे असावे लागते. मार्तंडरावांनी ते बसवले. घड्याळ जुळलेले असले की एक छोटा दिवा स्थिर राहतो. संगणकातल्या रेघांना त्यांनी नावे दिली. पहिल्या दोन जुन्या डब्याच्या, तिसरी शारदा, चौथी इंदू.

ग्वाल्हेरला निघायच्या आदल्या दुपारी चौघी बसल्या. ताईला खुर्चीत बसवेना म्हणून तिला खाटेवर घेतले. त्यात तिच्या माइकची तार लावायची राहिली. मार्तंडराव संगणकाशी होते. मान न वळवता म्हणाले, "बकुळ, आईची वायर खाली लाव."

बकुळने लावली.

तासभर गाणी झाली. हेडफोन कानाला टोचतात म्हणून चौघींनी ते उतरवून ठेवले होते. पूर्ण वेळ मार्तंडरावांची नजर त्या दिव्यावर होती. दिवा हलला नाही. शेवटी ताईला खोकल्याबरोबर रक्त पडले, आणि काय भरले गेले ते कोणी ऐकून पाहिले नाही.

ऑपरेशननंतर मार्तंडराव कपडे न्यायला झाशीला आले. मी ऑफिसात होतो. त्यांचा फोन आला. "नीलकंठ, शारदाची रेघ सरळ आहे."

मी गेलो. ताईची तार वरच्या डब्यात, त्या बंद केलेल्या भोकात होती. शेजारच्या भोकात जुना माइक होताच. बकुळ शेजारी उभी होती.

"आपने ही कहा था बाबा, खाली लगाओ. खाली तो वही एक था."

खालच्या डब्यातली पाच भोकेही मोकळीच होती. पण त्यांवर रबरी टोप्या होत्या. उघडे ते एकच होते.

"बरोबर आहे," मार्तंडराव म्हणाले. त्यांनी कपड्यांची पिशवी उचलली आणि स्टेशनवर गेले.

ताई तीन आठवड्यांनी घरी आली. गळ्याला भोक, हातात पाटी. आल्यावर दोन दिवसांनी ती मागच्या खोलीत येऊन बसली आणि पाटीवर लिहिले, "माझा कुठला?"

मार्तंडरावांनी तिसऱ्या रेघेवर बोट ठेवले. बकुळ म्हणाली, "आई, वो खाली है."

ताईने खाली पाहिले. तिच्या नावाखाली इंदूचे नाव होते, आणि ती रेघ चढउतारांची होती. तिने तिकडे बोट केले. मार्तंडरावांनी बाकीच्या रेघा बंद करून ती वाजवली. इंदूचा आवाज मोठा आला. तिच्या मागे, पलीकडच्या खोलीतून यावा तसा, दुसरा एक आवाज प्रत्येक ओळ आधी म्हणत होता. शब्द लागत नव्हते.

गाणे संपेपर्यंत ताई ऐकत राहिली. मग पाटीवर लिहिले, "इंदू छान." पुसले आणि स्वयंपाकघरात गेली.

मार्तंडरावांनी ती खोली पुढे वापरली नाही. ताई २०१९ मध्ये गेली, ते गेल्या वर्षी गेले. डबे बकुळने एका भजनी मंडळाला दिले, तारेसकट. इलाइट चौराह्यावरच्या दुकानाचे तारेचे तीनशे चाळीस रुपये अजून देणे आहे.