खुर्चीवरची चुंबळ

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी सदाशिव पेठेत एका ऑफिसात दुपारी डेटा एन्ट्री करायचे. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, आणि फी याच कामातून निघायची. त्यामुळे उजवं मनगट सुजलं, तेव्हा मी कुणाला बोलले नाही.

आईनं मात्र ओळखलं. मी डाव्या हातानं पाणी पीत होते.

"काम कसं करतेस ते दाखव," ती म्हणाली.

मी आईची वेताची पाटी पालथी घालून तिच्या बुडावर बोटं आपटून दाखवली.

"खांदे कानाला का लावतेस?"

"टेबल उंच आहे."

"आणि एवढ्या जोरात?"

"कीबोर्डवर प्लॅस्टिकचं कव्हर असतं. धूळ जाऊ नये म्हणून. काढायचं नाही असं ऑफिसातल्या सरांनी सांगितलंय."

आई हसायला लागली. "मशीनला पांघरूण, आणि पोरीचा हात उघड्यावर! अगं, आम्ही डोक्यावर कापडाची चुंबळ घेतल्याशिवाय पाटीला हात लावत नाही. नाहीतर मान पहिल्याच आठवड्यात जाते."

दुसऱ्या दिवशी तिनं दिलेल्या जुन्या लुगड्याची घडी मी खुर्चीवर ठेवली आणि उंच बसले. खांदे खाली आले. कव्हर राहिलं होतं. मी सरांसमोर जाऊन उभी राहिले.

"सर, कव्हर काढून काम केलं तर चालेल का? हात दुखतो."

"अहो, टायपिंग करताय की कणीक तिंबताय? हळू दाबा."

"हळू दाबलं की अक्षर उमटत नाही, सर."

माझं म्हणणं खोटं ठरवायला ते स्वतःच टायपिंगला बसले. अर्ध्या पानानंतर त्यांनी बोटं झटकली.

"काढा. पाचही कीबोर्डांची काढा. आणि रोज पुसायचं काम तुमचं."

मी आनंदानं पुसत राहिले. हळूहळू बाकीच्या मुलींनीही खुर्च्यांवर घड्या आणल्या. तासाला एकदा उठून सगळ्या गॅलरीत हात झटकायला जायचो. मनगटाची सूज उतरली. परीक्षेचा फॉर्म मी उजव्या हातानं भरला.

एकदा सरांनी त्या घडीकडे बोट दाखवून विचारलं, "हे डोकं कुणाचं?"

तोवर, आई काय करते असं कुणी विचारलं की मी "घरीच असते" म्हणायचे. त्या दिवशी तसं म्हणवेना.

"माझ्या आईचं," मी म्हणाले. "ती मंडईत डोक्यावरून पाट्या वाहते."

आवाज जरा मोठाच निघाला. बाकीच्या चौघींनाही ऐकू गेला.