माठावरचा स्पीकर

आज सुनेनं स्वयंपाक करताना मोबाइल रिकाम्या पातेल्यात ठेवला, आवाज मोठा यावा म्हणून. पातेलं घुमलं आणि मला ताडकळसचं आमचं ऐंशीच्या दशकातलं घर आठवलं.

तेव्हा आमचा स्पीकर माठाच्या तोंडावर पालथा बसवलेला असायचा. ढोलकी अशी घुमायची की छातीत दणका बसायचा. धाकट्या बहिणीच्या, सुमनच्या हळदीची गाणी मी टेपवर भरून घेतली होती. ती कॅसेट आम्ही दोन वर्षं त्या माठावर कौतुकानं ऐकली.

मग मी परभणीहून लाकडी खोक्यांचे दोन नवे स्पीकर आणले. त्यात बारीक आवाजासाठी वेगळा छोटा स्पीकर होता. सुमन पंचमीला माहेरी आली होती, म्हणून मुद्दाम तिचीच कॅसेट लावली.

बांगड्यांची किणकिणसुद्धा ऐकू यायला लागली. "बघा, कसं लय साफ यायलंय!" मी म्हणालो. तेवढ्यात बायकांच्या गाण्यामागून सुमनचा रडवेला आवाज आला, "अण्णा, मला त्या घरी न्हाई जायचं."

आमच्या वडिलांनी, अण्णांनी, उठून टेप बंद केला.

"माठच बरा हुता," ते पुटपुटले.

सुमन भिंतीला टेकून बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "त्या दिवशी मधी माठ न्हवता, अण्णा. मी तुमच्या जवळ बसूनच बोलले हुते."

मला तिच्याकडे बघवेना. त्या दिवशी माइक माझ्याच हातात होता.