पंखे फिरतात, चित्र नाही

विनिता परुळेकर चिडली की आधी गप्प बसते आणि मग समोर जो सापडेल त्याला झोडपते. शनिवारी दुपारी सापडला तो नवरा, सुधाकर. बिचारा चहा घेऊन आला होता.

"बंद करून परत चालू करून बघ ना," तो म्हणाला.

"सतरा वेळा केलं! तुम्ही आधी लांब उभे राहा. तुम्हीच हात लावला असणार."

त्यानं बोटसुद्धा लावलं नव्हतं. पण हे तिला सांगणार कोण?

भानगड अशी होती. सातिवलीच्या एका फर्निचर कारखान्यात विनिता अकरा वर्षं किचनची ड्रॉइंगं काढते. ओटा किती उंच, खण किती खोल, सगळं तोंडपाठ. पण आता मालकांचे चिरंजीव कारभार बघतात, आणि त्यांना ड्रॉइंग नको, चित्र हवं. फोटोसारखं रंगीत, खिडकीतून ऊन आलेलं. "पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी पाचपर्यंत एक किचन करून पाठवा मॅडम. नाही जमलं तर दुसरा माणूस बघावा लागेल." महिनाभर कामावरून आल्यावर ती रोज तसली चित्रं काढायचं सॉफ्टवेअर शिकली. किचनही उभं केलं. पण त्याचं चित्र काढताना घरचा जुना कॉम्प्युटर मध्येच मान टाकायचा. म्हणून आज सकाळी फुलपाड्यातल्या जितेशच्या दुकानातून ग्राफिक्स कार्ड आणलं आणि व्हिडिओ बघून स्वतःच बसवलं.

बसवलं, तर पंखे गरागरा फिरतात आणि पडद्यावर ठणठणाट! 'नो सिग्नल'. केबल काढली, घातली. पॉवरची वायर काढली, घातली. कार्ड खट्ट आवाज येईपर्यंत खाचेत दाबलं. केबल मागच्या जुन्या जागी लावली की सगळं छान दिसतं. म्हणजे मशीन धडधाकट, फक्त नवं कार्ड त्याच्या गावीही नाही. माणसाचं डोकं फिरणार नाही तर काय? तिनं दुकानात फोन लावला.

"जितेशभाई, बाद कार्ड माझ्या गळ्यात मारलंत!"

"काय बोलता ताई! सकाळी तुमच्यासमोर चालवून दाखवलं ना? एक काम करा, कार्ड काढा आणि खालची सोनेरी पट्टी बघा. धूळबिळ, तेलकट हात, काही लागलं असेल. त्या पट्टीतूनच त्याचं कनेक्शन होतं."

नव्या वस्तूला कसली आलीय धूळ, असं पुटपुटत तिनं स्विच बंद केला, कार्ड काढलं, खिडकीपाशी नेलं. उलटं करून पाहिलं.

पट्टीवर कुंकू होतं. तिनंच लावलेलं.

फ्रिज आला, मिक्सर आला, स्कूटर आली, कुंकवाचं पहिलं बोट विनिताचं. सकाळी कार्डालाही लावायला गेली, तर वर सगळे पंखेच. पंख्यात अडकायला नको, म्हणून मोठ्या शहाणपणानं तिनं खालची मोकळी, चकचकीत पट्टी निवडली. तेही नीट चिकटावं म्हणून पाण्यात कालवून! "अगं बाई, काय ही माझी अक्कल!" तिनं कपाळावर हात मारला. सुधाकर हसला नाही, त्यातच त्याचं भलं होतं.

तिनं पट्टी खोडरबरनं घासली, कोरड्या फडक्यानं पुसली, कार्ड परत बसवलं. पडदा उजळला तेव्हा चार वाजून गेले होते. जितेशला फोन करून तिनं माफी मागितली, बाकीचं सॉफ्टवेअर टाकलं आणि चित्र काढायला लावलं. पाचला सात मिनिटं कमी असताना किचनचं चित्र रवाना झालं, खिडकीतल्या उन्हासकट.

चिरंजीवांचं लगेच उत्तर आलं. 'एक नंबर! आता मूळ फाइल सिद्धेशला पाठवा. त्याला घेतलंय आपण. सोमवारपासून तुमचं काम तोच बघेल.'

तिनं दोनदा वाचलं. म्हणजे माणूस आधीच ठरला होता. परीक्षा कसली, त्यांना नुसता फुकटचा नमुना हवा होता! तिची कानशिलं तापली, डोळे भरून आले. सवयीनं बोटांनी 'ओके सर' लिहिलंसुद्धा. मग तिनं ते खोडलं आणि लिहिलं, 'फाइल मी माझ्या घरी, माझ्या मशीनवर केलीय. काम माझ्याकडे राहणार असेल तर सोमवारी घेऊन येते. नाहीतर ती इथंच राहील.'

वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या.

"काय म्हणतायत?" सुधाकरनं हळूच विचारलं.

"ते काही नाही म्हणत," विनिता म्हणाली. "मी म्हटलंय. अकरा वर्षांत पहिल्यांदा."