निघू नये अशी सुरी

दत्ताराम परब त्या दिवशी सकाळपासून उंबऱ्यात बसून सुरी घासत होता, असं घाटकोपरच्या त्या बैठ्या चाळीतले लोक सांगतात. साफ खोटं! बसला कुठं होता? दोन मिनिटं टेकायचा, दगडावर पात्याचे चार हात मारायचा, की उठून थेट नाक्यापर्यंत. तिथं काय होतं? आरेच्या दुधाचं बंद झालेलं केंद्र आणि त्याच्या सावलीत पसरलेलं कुत्रं. ते बघून हा परत. पुन्हा चार हात, पुन्हा नाका. पायाला भिंगरी बांधल्यासारखं चाललं होतं.

आणि का चालू नये? एकुलती एक पोर, मालन, सकाळी सातला म्युनिसिपालटीच्या सुतिकागृहात ठेवलेली. पहिलटकरीण, त्यात पंधरा दिवस आधीच कळा सुरू. जावई मुलुंडला कारखान्यात पाळीवर अडकलेला. दत्तारामची थोरली बहीण शेवंताक्का मालनजवळ थांबली आणि त्याला मात्र सिस्टरनं दारातूनच पिटाळलं. "पुरुषांचं इथं काय काम? चारला या, भेटायच्या वेळेला."

चारला या म्हणे! तोवर माणसानं करायचं काय? दत्तारामकडे करायला एकच काम होतं आणि ते चारच्या आत व्हायलाच हवं होतं. सुरी.

पातं छानच झालं होतं. साकीनाक्याच्या ज्या कारखान्यात तो फिटर होता, तिथली झिजून टक्कल पडलेली एक कानस मिस्त्रीनं त्याला देऊन टाकली होती. ती तापवून नरम केली, वीतभर पातं कापलं, मुठीजवळ एक बारीक भोक पाडलं, मग पुन्हा लाल करून तेलात बुडवून पाणी दिलं. मूठ होती लाटण्याची. मालनच्या आईचं शिसवी लाटणं. तिच्या हातानं आणि तिच्या माघारी आक्काच्या हातानं इतकं गुळगुळीत झालेलं, की पॉलिशपेपर लावायची गरजच पडली नाही. मधोमध कापलं, चीर पाडली, पातं बसवून पितळेची दोन रिबिटं ठोकली. राहिलं होतं म्यान. ते मशीनच्या खोक्याच्या देवदारी फळ्यांचं. दोन पट्ट्या आतून पटाशीनं कोरायच्या, सरसानं चिकटवायच्या आणि वरून तांब्याची तार गुंडाळायची.

बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड लागतं हे काय कुणाला सांगायला हवं? विळा म्हणा, कोयता म्हणा, काही नसेल तर अडकित्ता. पण लोखंड हवं. वाऱ्यावावधानाला, भुताखेतांना त्याचा धाक असतो. आक्का गावाहून येताना विळा घेऊनच आली होती. पण नाव नोंदवायला गेले तेव्हा त्या सिस्टरनं पिशवीतून तो काढला आणि नाक मुरडून परत दिला, "असलं काही इथं चालायचं नाही." दत्तारामनं मनाशी धरलं, बाई धारेला भ्याली. ठीक आहे. म्यानातली सुरी नेऊ. खेळण्यासारखी दिसेल अशी.

पण म्यान करण्याचं हे झालं सांगायचं कारण. खरं कारण दुसरंच होतं आणि ते त्यानं अठरा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

अठरा वर्षांपूर्वी गावी मालनच्या आईचं, विमलाचं, दुसरं बाळंतपण झालं. मुलगा झाला. उशाखाली कोयता होता. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, शहाळी उतरवली, आणि दुसरा कोयता काही हाताला लागेना. "आत्ता आणून ठेवतो," म्हणून दत्तारामनं उशाखालचाच काढला. शहाळी सोलली, कोयता माडाच्या बुंध्याला टोचला आणि गप्पा मारत पाहुण्यांना पोचवायला बंदरावर गेला तो दिवेलागणीला परत आला. आतून विमलानं विचारलं, "कोयतो आसा मां?" तिनं मान वळवून बघायची म्हटली तरी तिला ताकद नव्हती. "आसा, आसा," हा ओटीवरूनच म्हणाला. बघितलं नाही. आठवलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला. पाचवी पुजायचं राहूनच गेलं. तान्हं पोर तिच्यामागून दीड दिवसात गेलं. कोयत्याची आठवण त्याला झाली ती स्मशानातून परत येताना. माडाकडे बघायची छाती झाली नाही. बारावं उरकलं आणि त्यानं मुंबईची बोट धरली, तीन वर्षांच्या मालनला आक्काच्या पदरात टाकून.

म्हणून ही सुरी. हिनं काही कापायचं नव्हतं. ही कुणी मागायची नव्हती, 'एक मिनिट दे रे' म्हणून कुणी काढायची नव्हती. मुठीजवळचं ते बारीक भोक त्यासाठीच होतं. म्यानाच्या तोंडातून आणि त्या भोकातून पितळेची तार आरपार घालून दोन्ही टोकं ठोकून टाकली, की झालं काम. ब्रह्मदेव आला तरी सुरी बाहेर निघायची नाही.

दुपारी दोनला सरस अजून ओलाच. दत्तारामनं म्यान उन्हात ठेवलं, फुंकर मारली, पंख्यानं वारा घातला. बोट लावून बघितलं, बोट चिकटलं. शेजारच्या खोलीतले विद्याधर, पोस्टातले कारकून, त्या दिवशी सर्दीमुळे घरी होते. ते ओट्यावर आले आणि बराच वेळ बघत राहिले.

"दत्ताराम, ही सुरी आहे का तिजोरी?"

"सुरी."

"मग निघणार कशी?"

"निघायचीच नाही."

"अरे मग सुरी कशाला म्हणायची हिला? लाटणंच ठेवायचं होतं ना!"

एरवी दत्ताराम हसला असता. त्या दिवशी त्यानं हातोडी अशी काही उचलली की विद्याधर शिंकायच्या निमित्तानं आत गेले.

तारेचं दुसरं टोक ठोकून होतं न होतं तोच आक्का आली. मालनसाठी पातळं न्यायला आली होती. मुंबईत इतकी वर्षं काढून दत्तारामची जीभ बदलली होती, आक्काची अजून गावचीच होती.

"कसं आहे?" हा उठून उभाच.

"अजून काय नाय. पण होतला आता. माका भायर काढल्यानी." तिनं भिंतीला टेकून पाय पसरले आणि सुरी हातात घेतली. ओढून बघितली. "ह्या काय रे? सुरयेक खिळो कित्याक मारलंस?"

आणि काय झालं कुणास ठाऊक, अठरा वर्षं दातांखाली धरलेलं ते सगळं दत्ताराम बोलून गेला. शहाळी, पाहुणे, माड, बंदर. "ती विचारत होती आक्का, आणि मी आहे म्हणालो. न बघता आहे म्हणालो."

आक्कानं सुरी त्याच्या हातात परत दिली.

"अरे खुळ्या," ती म्हणाली, "कोयतो मियाच नेऊन ठेवलंय उशाखाली. तू बंदरावर गेलंस तेवाच. माडाक टोचलेलो दिसलो माका. तिना इचारल्यान तेवा होतो थंयच."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस मला?"

"तू कधी इचारलंस? बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी बोटीत बसलंस, तो पाच वर्सां तोंड दाखवलंस नाय!"

छातीवरचा धोंडा उतरायला हवा होता की नाही? दत्तारामलाही क्षणभर वाटलं, उतरला. रडूच यायच्या बेतात होतं. पण लगेच दुसरी गोष्ट टोचली. कोयता होता. होता, आणि तरी विमला गेली! इतकी वर्षं निदान एक तरी आधार होता, की चूक माझी, ती चूक केली नाही तर मालन वाचेल. आता तोही गेला. मग हिला राखायचं कशानं? हातातल्या सुरीकडे त्यानं बघितलं आणि त्याला तिचा रागच आला.

"चल," तो म्हणाला. चारला अजून अर्धा तास होता. आक्का पातळांची घडी करतेय तोवर हा गल्लीच्या टोकाला.

सुतिकागृहाच्या दारात तीच सिस्टर. मढची ख्रिस्ती बाई, फिलोमिना तिचं नाव, आवाज फाटका, पदराऐवजी कडक इस्त्रीचा पांढरा झगा. आक्काच्या आधी घामाघूम दत्ताराम पोचला तसं तिनं हात आडवा केला.

"मुलगी झाली. वीस मिनिटं झाली. दोघी बऱ्या आहेत."

"ताप?"

"आत्ता कसला ताप? आणि हे हातात काय?"

आता लपवण्यात काय अर्थ? त्यानं सुरी पुढं केली. सिस्टरनं मूठ धरून ओढली. निघेना. पुन्हा ओढली.

"ही निघत नाही."

"निघत नाही म्हणूनच आणली. धारेची भीती नको. उशाखाली ठेवायची फक्त."

"धारेची भीती कुणाला आहे? दिवसभर कात्र्याच तर हाताळते मी!" सिस्टर म्हणाली. "तुमचा तो विळा गंजलेला होता, माती लागलेला होता, म्हणून परत दिला. अहो बाबा, माझी आईपण ठेवायची सुरी, आम्हा सहाही जणांच्या वेळी. वर भिंतीला क्रूस, खाली सुरी. तुमच्या बायांना मी रोज ठेवू देते. पण आधी उकळते. ही कशी उकळू? लाकडाच्या आत काय आहे ते मला दिसत नाही. काढा बाहेर."

"काढू?"

"काढल्याशिवाय आत नाही जायची."

दत्तारामनं सुरी तिच्याकडून परत घेतली. एकच गोष्ट कधी करायची नाही म्हणून त्यानं महिनाभर जिवाचं रान केलं होतं आणि ही बाई नेमकी तीच करायला सांगत होती. मागून आक्का धापा टाकत आली. तिनं ऐकलं होतं. "काढ रे," ती हळूच म्हणाली. "मिया आसंय हंय."

अंगणात हात धुवायचा नळ होता. त्याखालच्या दगडावर त्यानं म्यान आपटलं. एकदा, दोनदा. देवदारच ते, आणि सरस धड वाळलेला नव्हता. तिसऱ्या घावाला दोन फाका झाल्या. त्यानं तांब्याची तार दातांनी उलगडली. पातं बाहेर आलं, अगदी कोरं, भोकात पितळेचा तुकडा तसाच लटकलेला. फळ्यांचे तुकडे त्यानं गोळा केले आणि काय करावं न कळून खिशात भरले.

सिस्टरनं सुरी घेतली. "हात," ती म्हणाली.

"काय?"

"हात बघा आपले. काळे कुळकुळीत. त्या हातांनी नातीला घेणार? साबण तिथं आहे."

दत्तारामनं हात धुतले. लोखंडाचा कीस, सरस, घाम. सिस्टरनं बघितलं, मान हलवली. पुन्हा धुतले. नखं घासली. धुता धुता त्याला गावची सुईण आठवली, चुलीपुढची राख हातानंच बाजूला सारून तशीच आत गेलेली. आणि स्वतःचे शहाळ्याच्या पाण्यानं चिकट झालेले हात आठवले, ज्यांनी त्यानं त्या दिवशी पोराला उचललं होतं. त्यानं तिसऱ्यांदा साबण घेतला. या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

आत गेला तेव्हा मालन डोळे मिटून पडली होती. कपाळावर केस चिकटलेले. शेजारी फडक्यात गुंडाळलेलं ते लालबुंद तोंड. सिस्टरनं उकळून पट्टीत गुंडाळलेली सुरी अजून गरम होती. ती तिनं स्वतःच उशाखाली सारली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

दत्तारामनं आधी मालनच्या कपाळाला हात लावला. गार होतं. पण त्याला ठाऊक होतं, आज पहिलाच दिवस. उद्या आहे, परवा आहे. परवापर्यंत त्याचं नाक्यावर जाणं-येणं काही सुटणार नव्हतं.

मालननं डोळे उघडले. मान वळवायची तिला ताकद नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "आत्या म्हणत होती, तुम्ही काहीतरी आणणार आहात. आहे ना उशाखाली?"

उत्तर ओठांवर आलं होतं. त्यानं ते गिळलं. वाकून धुतलेला हात उशीखाली घातला, पट्टीच्या आत चाचपडत गेला, गुळगुळीत शिसवी मूठ बोटांना लागली आणि तिच्यापुढं गरम लोखंड लागलं.

"आसा," तो म्हणाला.