बाबलीचा मानाचा वाटा

हळर्णचा बाबली काजूच्या बागायतीत वाढला आणि तिथेच संपला. मी त्याचा शेजारी, गोकुळदास. त्याच्या मरणाची जी गोष्ट गाव सांगतो ती ऐकली की माझं डोकं फिरतं. म्हणून ही माझी गोष्ट.

बागायतीत मोकाट गुरं फिरायची, त्यामुळे गवतात गोचिडीच गोचिडी. संध्याकाळी बाबली पायांवरच्या गोचिडी नखाने ओढून काढायचा आणि म्हणायचा, "सोयरे इले, जेवान गेले." खाज कितीतरी दिवस राहायची, पण त्याची तक्रार नसे.

काजूच्या हंगामाआधी राखणदाराला, म्हणजे बागायत राखणाऱ्या देवाला, बोकड द्यायची आमची रीत; तिला राखण म्हणतात. मटण पुरुषांनी बागायतीत शिजवायचं, तिथेच संपवायचं, घरी न्यायचं नाही. पहिला वाटा मानाचा, तो बाबलीच्या घराण्याचा.

एका वर्षी दुपारी तो वाटा खाऊन बाबली हसतखेळत घरी आला. दिवेलागणीला त्याच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, छाती घरघरू लागली. मटणाचा संशय कुणाला येणार? सगळ्यांनी एकाच टोपातलं खाल्लेलं, आणि जेवूनही बराच वेळ झालेला. गावाने ठरवलं, राखणदार कोपला. चूक फेडायला आठवड्याने दुसरा बोकड कापला आणि हात जोडून बसलेल्या बाबलीला पोटभर वाढला. त्या संध्याकाळी त्याची शुद्धच गेली.

मी गाडी काढली, म्हणून तो इस्पितळात पोचला. डॉक्टर तेजस्विनीने रक्त तपासून समजावलं. गोचीड चावते तेव्हा तिच्या लाळेतून एक प्रकारची साखर अंगात जाते आणि कुणाकुणाचं शरीर तिला वैरी मानायला लागतं. तीच साखर बोकडाच्या, डुकराच्या, गुरांच्या मांसात असते. त्रास होतो तो खाल्ल्यावर काही तासांनी. मासे, कोंबडी चालेल.

"आनी गांधीलमाशीचें वीखय तुमकां सोंसचें ना," ती बाबलीला म्हणाली, म्हणजे गांधीलमाशीचं विषही त्याला बाधणार. "अशा लोकांत हीं दोनूय मेळटात. एकाचो दुसऱ्याकडेन संबंद कितें, तें अजून पुराय कळूंक ना. पूण तुमी बागायत सोडा."

बागायत सोडून बाबली करणार काय? तेरेखोलच्या हॉटेलात वेटर होणार? मटण मात्र त्याने सोडलं. पुढच्या राखणीला मानाचं पान कपाळाला लावलं आणि बाजूला सरकवलं.

"बाबलो भट जालो रे," गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालणारा कृष्णनाथ म्हणाला. सगळे हसले, पण ते हसणं काही बरं नव्हतं. मी डॉक्टरणीचं म्हणणं सांगायला गेलो, तर गोचीड चावल्यावर बोकड कसा बाधतो म्हणून मलाच वेड्यात काढलं. पालथ्या घड्यावर पाणी.

ऐन हंगामात काजूचे बोंडू गोळा करताना बाबलीचा हात पाचोळ्याखालच्या गांधीलमाश्यांच्या घरट्यावर पडला. गडी धावले. इस्पितळाची वाट धरायची सोडून त्यांनी त्याला उचलून आधी राखणदारापाशी नेलं. मान नाकारला त्याची शिक्षा, दुसरं काय! कृष्णनाथने गाऱ्हाणं सुरू केलं. ते एकदा सुरू झालं की मध्ये तोडायचं नसतं. सगळे "व्हय म्हाराजा" म्हणत उभे राहिले आणि त्यांच्या पायांशी बाबली गुदमरत होता. मी पोचलो तेव्हा त्याचे ओठ काळेनिळे पडले होते. गाडीत घालण्यासारखं काही उरलं नव्हतं.

यंदा मान त्याच्या मुलाकडे, गौरेशकडे आला. बागायत आता तोच बघतो. त्याच्याही पायांवर गोचिडीचे चट्टे आहेत. राखणीच्या सकाळी मी त्याच्या आईकडे, चंद्रावतीवहिनीकडे गेलो. म्हटलं, "वयनी, आदी झिलाचा रगत तपासून घेवया. आज तेका वाटो खावंक दिवं नकात."

ती गौरेशचं धोतर झटकत होती.

"डॉक्टरीण खरा सांगता, तां माका कळता," ती म्हणाली. "पण झिलान वाटो खाल्लो नाय आनी उद्या तेका कायय जाला, तर हे गावकरी तेका आदी खंय व्हरतले, तां तुमी बघलात. खांव दे तेका."

काय सांगणार होतो? गाव त्याला आधी राखणदारापाशी नेणार नाही म्हणून?

दुपारी गौरेशने मानाचा वाटा खाल्ला. मी गाडी वाटेवर आणून उभी केली आणि दिवेलागणीची वाट पाहत बसलो.