नवरा शेजारी असला तरच चालणारी स्क्रिप्ट

गणपतीनंतर माझ्या नवऱ्याची नोकरी गेली आणि आमच्या आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये भांड्यांचा आवाज वाढला. भांडी मी आपटत होते. तो गप्प बसायचा, आणि गप्प बसणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं? मी अर्नाळ्याची. किनाऱ्यावर वाऱ्यापेक्षा मोठ्याने बोलावं लागतं, ती सवय लग्नानंतरही सुटली नाही. रागावले की अजूनही तोंडातून 'पाणी'ऐवजी 'पानी' निघतं आणि एरवी तो त्यावर खो खो हसतो. त्या दिवसांत तो हसणंच विसरला होता.

आम्ही दोघं एकाच धंद्यातले. वेबसाइट लोकांपर्यंत जाण्याआधी ती नीट चालते का हे तपासायचं, हे आमचं काम. फरक इतकाच की मी तपासणीचे छोटे प्रोग्रॅम लिहिते, त्यांना आम्ही स्क्रिप्ट म्हणतो, आणि तो पहिल्यापासून स्वतःच्या हाताने तपासत आला. बटण दाबायचं, फॉर्म भरायचा, मागे जायचं, पुन्हा भरायचा. वर्षानुवर्षं हेच. चुका शोधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण कंपनीला एके दिवशी साक्षात्कार झाला की हे सगळं स्क्रिप्टही करू शकते, आणि हाताने तपासणारी अख्खी टीम घरी बसली.

मग त्याने रुबी शिकायला घेतली. रुबी म्हणजे ज्या भाषेत मी माझ्या स्क्रिप्ट लिहिते तीच. घरात मास्तरीण आयती होती, पण छे! "तू नको," म्हणाला. "तू शिकवत नाहीस, तू ओरडतेस." खोटं नव्हतं ते, पण लागलं मला. म्हटलं, बस मग व्हिडिओ बघत. आणि तो खरंच बसला, जेवणाच्या टेबलावर, कानात हेडफोन घालून, शाळेतल्या पोरासारखं एकेक ओळ टाइप करत.

बऱ्याच ठिकाणांहून नकार आल्यावर विरारच्या एका लहानशा कंपनीने त्याला घरी करायला काम दिलं. सरावासाठी बनवलेली बसच्या तिकिटांची एक वेबसाइट होती. त्याच्या स्क्रिप्टने आपणहून ब्राउझर उघडायचा, प्रवाशाचं नाव भरायचं, 'तिकीट काढा' हे बटण दाबायचं आणि तिकिटावर तेच नाव आलं का ते बघायचं. ही स्क्रिप्ट चालली तर मुलाखत. त्याने शुक्रवारी पाठवली. शनिवारी सकाळी उत्तर आलं: आमच्याकडे चालली नाही, दुरुस्त करून आज संध्याकाळपर्यंत पाठवा, आणखी एकदा बघू.

तो बराच वेळ ती मेल वाचत राहिला. मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. त्याला तेवढं करणं किती जड गेलं असेल ते मला कळलं. पण तोंडातून निघालं भलतंच.

"आधीच दाखवली असतीस तर?"

"आता दाखवतोय ना? बघ."

त्याने माझ्यासमोर चालवली. ब्राउझर उघडला, नाव भरलं गेलं, जरा थांबून तिकीट आलं. पास! पुन्हा चालवली. पास. मी ओळी वाचल्या. बटण दाबण्याआधी त्याने पाच सेकंद नुसतं थांबायची ओळ घातली होती, पान उघडायला उशीर झाला तर असावं म्हणून. नवशिके हमखास असंच करतात. आणि गाडी कुठे अडली तर कारण न सांगता फक्त 'नापास' असं छापायची सोय करून ठेवली होती. चूक झाली की येणारं ते लाल इंग्रजी बघवत नाही म्हणे! मी त्या दुसऱ्या गोष्टीकडे लक्षच दिलं नाही, कारण दोष मला आधीच सापडला होता. म्हटलं, त्यांचं इंटरनेट मंद असेल, पाच सेकंद पुरत नसतील. ती ओळ उडवली, बटण तयार झालं की लगेच दाब असं लिहिलं आणि ऐटीत चालवली.

नापास.

"वा!" नवरा म्हणाला. "चालत होतं तेही बिघडवलंस."

"माझ्यामुळे नाही बिघडलं!"

"मग काय शेजारणीमुळे?"

झालं, जुंपली आमची. सासरच्या भिंतीला लावायच्या रंगापर्यंत भांडण पोचलं. मी चिडून त्याची पाच सेकंदांची ओळ पुन्हा होती तशी घातली, आणि स्क्रिप्ट लगेच पास. असा राग आला मला! जिथे थांबायची गरज नाही तिथे थांबलं तर चालतं आणि नीट लिहिलं तर अडतं, हा कुठला न्याय?

तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या होत्या. आईने अर्नाळ्याहून पाठवलेले सुके बोंबील मी बाल्कनीत ऊन द्यायला ठेवले होते, त्या वासाची तक्रार. असल्या तक्रारी नवऱ्याने ऐकायच्या असं आमच्यात ठरलेलं आहे, कारण मी ऐकल्या तर सोसायटीची मीटिंग बोलवावी लागते. तो दारात उभा राहून हो काकू, बरोबर काकू करत होता, तोवर मी स्क्रिप्ट चालवली. त्याचीच, त्याच्याच पाच सेकंदांसकट.

नापास.

तो परत येऊन बसला. चालवली. पास.

"ऊठ," मी म्हटलं.

"का?"

"ऊठ म्हणते ना. जा, बोंबील आत घे."

तो गेला, नापास. तो आला, पास. "अरे देवा," मी म्हटलं, "या स्क्रिप्टचा तुझ्यावर जीव जडलाय." त्यालाही हसू आलं, पण क्षणभरच. घड्याळाकडे बघून त्याचा चेहरा पुन्हा पडला.

मग मी स्क्रीनकडे बघणं सोडलं आणि त्याच्याकडे बघत बसले. "चालव," म्हटलं. ब्राउझर उघडला, नाव भरलं गेलं, पाच सेकंद सुरू झाले, आणि मला दिसलं. त्याचा उजवा हात माउसवर गेला, खाली उजवीकडे सरकला, टिचकी मारून परत मांडीवर येऊन बसला. स्क्रिप्ट पुढे गेली. पास.

"काय केलंस आता?"

"काही नाही. बघतोय."

"हाताने काय केलंस?"

"कुठे काय केलं? उगाच काहीतरी!"

तो खोटं बोलत नव्हता. माझी आई किनाऱ्यावर बोंबील वाळत घालते तेव्हा माझ्याशी बोलता बोलता काठीने कावळे हाकलते. तिला विचारलं, किती कावळे आले गं, तर म्हणेल, कुठले कावळे? तसंच हे. "हात मांडीखाली घे," मी म्हटलं, "आणि उचललास तर याद राख." तो दोन्ही हातांवर बसला. स्क्रिप्ट चालवली. नापास. आता मी त्याची ती 'नापास' छापायची ओळ काढून टाकली आणि पुन्हा चालवली. खरं कारण लाल अक्षरांत समोर आलं: बटणावर दुसरंच काहीतरी आहे.

ते दुसरंच काहीतरी म्हणजे पट्टी. 'ही वेबसाइट कुकीज वापरते, मान्य आहे?' असं विचारणारी, पानाच्या तळाशी उगवणारी आणि बटण झाकून टाकणारी. हाताने तपासणारा माणूस दिवसाला शंभरदा ती बाजूला करतो, ते काही त्याच्या लेखी काम नसतं. स्क्रिप्ट दर वेळी आधीचं काहीच न आठवणारा नवाकोरा ब्राउझर उघडते, त्यामुळे तिथे ती दर वेळी येणारच. माझ्या डोळ्यांना ती दिसूनही दिसली नाही, कारण मला फक्त त्या पाच सेकंदांत खोट काढायची होती. आणि तो बिचारा दर वेळी स्क्रिप्टला स्वतःच्या हाताने वाट करून देत होता. विरारच्या कंपनीत वाट करून द्यायला कोण बसलंय?

पट्टी बंद करायच्या दोन ओळी त्याने स्वतः लिहिल्या. मी तोंड शिवून बसले, जे मला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. मग तो बाल्कनीत गेला आणि मी एकटीने चालवली. पास. तीनदा पास. त्याला हाक मारली, तर तो आला आणि टेबलाशी उभाच राहिला.

"म्हणजे मी नसलो की ती नीट चालते," तो म्हणाला. "नोकरीतून काढलं तेव्हा ते हेच म्हणत होते."

मी त्याचा हात नुसता धरून ठेवला. मग त्यानेच सोडवून घेतला आणि मेल पाठवली.

सोमवारी मुलाखत झाली, लॅपटॉपवरच. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते, म्हणजे चिरल्यासारखं करत होते. कान बाहेर. समोर बोलणारी बाई शांत आवाजाची होती. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर तिने विचारलं, "स्क्रिप्ट आधी आमच्याकडे का चालली नाही?"

मनात म्हटलं, सांग ना, ब्राउझरचं व्हर्जन वेगळं होतं. सगळे तेच सांगतात. पण नाही! हा सरळ म्हणाला, "पट्टी मी हाताने बंद करत होतो, मॅडम. माझं मलाच माहीत नव्हतं. बायकोने हातांवर बसवलं, तेव्हा कळलं."

मी सुरी खाली ठेवली. गेली, म्हटलं, ही नोकरी पण गेली.

"आमच्याकडे हाताने तपासणाऱ्यांची मोठी टीम आहे," ती बाई म्हणाली. "मला त्यांना काढायचं नाहीये, स्क्रिप्ट शिकवायच्या आहेत. जो शिकवायला येतो तो मला सांगतो, यांना जमणार नाही, नवीन माणसं घ्या. त्यांचं कुठे अडतं हे कळणारा माणूस मला हवाय. तुम्ही याल?"

नवरा काहीच बोलेना. शेवटी माझ्याच्याने राहवेना. "अरे हो म्हण ना!" मी आतून ओरडले, आणि ते नक्की विरारपर्यंत गेलं असणार.

"येतो," तो म्हणाला. आणि कॅमेरा बंद करायचं भान न राहता तिथेच, त्या अनोळखी बाईसमोर, तोंड झाकून हुंदके देऊन रडला. त्या बाईने कॉल कापला नाही, त्याचं रडून होईपर्यंत थांबून राहिली.