पालथी बाटली

चंद्रशेखर कडलग शब्दाला पक्का होता, पण लाजाळू त्याहून जास्त. या दुसऱ्या गुणानं त्याचा घात केला.

जर्मनीत रेगेन्सबर्गजवळ बाटल्या हाताळणारी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत तो इंजिनिअर होता. २००४ साली कंपनीनं त्याला फ्रान्सच्या शँपेन भागात धाडलं. वाइनचं पावणेदोनशे वर्षं जुनं घराणं, खडूच्या दगडात खोदलेली तळघरं, आणि तिथं एकोणचाळीस वर्षं फक्त बाटल्या फिरवत आलेला एतिएन. शँपेन बाटलीतच मुरते आणि आत गाळ धरते. तिरप्या फळीच्या भोकांत बाटल्या तोंडाकडून खोचायच्या, रोज प्रत्येकीला हातानं जरासा हिसका देऊन फिरवायचं आणि हळूहळू पालथं करत न्यायचं. सहा आठवड्यांत सगळा गाळ तोंडाशी उतरतो. मग झाकण उडवलं की गाळ बाहेर, आणि उरते ती नितळ वाइन. हे काम आता चंद्रशेखरचं यंत्र एका आठवड्यात करणार होतं.

म्हणजे हा गडी म्हाताऱ्याच्या पोटावर पाय द्यायलाच गेला होता म्हणा ना! पण एतिएननं राग धरला नाही. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये त्यानं हिसका कसा द्यायचा ते शिकवलं आणि निघताना आपल्या हातच्या शेवटच्या खेपेतली एक बाटली दिली. किती फिरली ते कळावं म्हणून बुडावर पांढरी रेघ ओढलेली.

"पालथीच ठेव," तो म्हणाला. "पुढच्या सप्टेंबरात मी निवृत्त होतो. त्या दिवशी घेऊन ये. मी माझ्या हातानं उघडीन."

चंद्रशेखरनं ती तान्ह्या बाळासारखी जपत आणली आणि बिल्डिंगखालच्या आपल्या केलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या खोलीत, एका खोक्यात पालथी ठेवली.

पुढच्या ऑगस्टमध्ये त्याची आई, वासंतीबाई, नाशिकहून तीन महिन्यांसाठी आल्या. रिकामं बसणं त्यांना ठाऊक नव्हतं. एक दिवस किल्ली घेऊन त्या केलर झाडायला उतरल्या. दारातली पालथी चप्पल सरळ केल्याशिवाय पाऊल न उचलणारी बाई ती, पालथी बाटली कशी बघवेल? त्यांनी ती सरळ केली, ओल्या फडक्यानं रेघेसकट लख्ख पुसली आणि वर आणून शोकेसमध्ये मांडली. एतिएनच्या निवृत्तीला चार दिवस राहिले होते.

"आई, काय केलंस हे!"

"अरे, उपडी पडली होती. सांडली असती ना सगळी."

तोंडाशी जमलेला गाळ परत मिसळून वाइन ताकासारखी झाली होती. चंद्रशेखर दोन दिवस आईशी बोलला नाही. या माणसाचं काम आपण काढून घेतलं, आणि त्याच्या हातची शेवटची वस्तूही आपल्याला सांभाळता आली नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यानं फोन केला आणि चक्क खोटं बोलला. "सुट्टी मिळत नाहीये. नोव्हेंबरात नक्की येतो."

पलीकडून एतिएन म्हणाला, "गुट, ठीक आहे. मी थांबतो. दोन ग्लास घासून ठेवलेत."

चंद्रशेखरनं फळीला भोक पाडलं, बाटली खोचली आणि रोज सकाळी ऑफिसच्या आधी एक हिसका द्यायला सुरुवात केली. तो झिंडेलफिंगेनला कामासाठी गेला की वासंतीबाई स्वतः खाली उतरायच्या. "एवढाच ना रे?" असं फोनवर दहादा विचारून, श्वास रोखून बाटली फिरवायच्या.

एकेचाळिसाव्या दिवशी एतिएनच्या बायकोचं पत्र आलं. एतिएन गेला. आजार जूनमध्येच कळला होता, पण त्यानं कुणाला सांगू दिलं नाही. वाइन तर डॉक्टरांनी बंदच केली होती. निवृत्तीच्या दिवशी त्यानं दुसऱ्या कुणालाही बोलावलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत दाराकडं बघत बसला होता.

चंद्रशेखरनं आईला पत्राचा अर्थ सांगितला आणि तो ढसाढसा रडला. वासंतीबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"गढूळ तर गढूळ, तशीच न्यायची होतीस," त्या म्हणाल्या. "आईनं सरळ केली म्हणून सांगायचं. हसला असता रे तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रशेखर सवयीनं केलरमध्ये गेला. बाटलीवर हात ठेवला. गाळ सगळा तोंडाशी उतरला होता. फिरवायला काही उरलं नव्हतं.